घरचं माणूस बसवाल का?

माणूस गाडी विकायला आला की खोटं बोलणार, हे मी धरूनच चालते. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं हे माझं काम, आणि खोटं ऐकून घेणं हा त्यातला निम्मा भाग. ‘एकहाती वापरलेली’ म्हणजे त्या हाताला दोन मेहुणे होते. ‘फक्त ऑफिसला नेली’ म्हणजे ऑफिस परगावी होतं. याचं मला काही वाटत नाही. पण स्पोर्ट्स कारवाल्यांचं खोटं निराळं असतं. ते आधी स्वतःला पटवून आलेले असतात.

त्यांना वाटतं, इंजिनात घातलेला पैसा गाडी विकताना परत मिळतो. ‘यात मी एवढे घातलेत’ असं ते छाती फुगवून सांगतात. मी सांगते, घातलेत ते गेले. कंपनीनं बनवली तशी गाडी असेल तर गिऱ्हाईक येतं. तुम्ही तिच्यावर आपली हौस भागवली, तर तुमच्या हौसेचे पैसे दुसऱ्यानं का द्यावेत? उलट त्याला शंका येते, की हिला पळवून पळवून दमवलेली दिसते. भाव चढत नाही, उतरतो. हे ऐकून काही जण माझ्यावर डाफरतात, काही जण गाडीवरून हात फिरवत बसतात. एक जण रडलेलाही मी पाहिलाय, चांगला मिशीवाला माणूस.

त्या दिवशी माझ्यासमोर बसलेला विकणारा माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

आमच्या शोरूमचे मालक सत्तरीला आलेत. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण त्यांचा एक नेम कधी चुकत नाही. गाडी तपासून झाली, फेरी मारून झाली, की ते फाटकाशी येतात आणि विकणाऱ्याला अन् मला, दोघांनाही एकच प्रश्न विचारतात, “घरचं माणूस बसवाल का?” दोघांचं ‘हो’ आलं तर गाडी काचेच्या आत, दर्शनी जागेत. एकाचंही ‘नाही’ आलं तर मागच्या आवारात, आणि मग किमतीचं काही बोलायलाच नको. विकणारा हसून ‘हो’ म्हणतोच. त्यामुळे खरं उत्तर माझं. इतक्या वर्षांत ते द्यायला मला कधी वेळ लागला नव्हता.

भावाला आई ‘खुटखुट्या’ म्हणायची. लहानपणी घरातला एकही पंखा त्यानं धड राहू दिला नाही. मोठा झाल्यावर ही खोड पोटापाण्याला उपयोगी पडली. तो लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत आहे. इमारतींमधून फिरतो, लिफ्ट मजल्यावर नीट थांबते की नाही ते बघतो आणि सही करतो. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यानं ती दोन माणसांची निळी स्पोर्ट्स कार घेतली, तीही जुनीच, आणि तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. आधी एक्झॉस्ट बदलला, मग स्प्रिंगा, मग चाकं. मग मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर नव्यानं लिहून घेतला. आणि सरतेशेवटी चाकांच्या आड ताटाएवढ्या डिस्क आणि लालभडक मोठे ब्रेक. ते दाखवायला तो मुद्दाम माझ्याकडे आला होता. मी पोळी लाटत होते, तरी मला खाली ओढत नेलं.

दोन खोल्यांच्या घरासाठी बाजूला टाकलेले पैसे असे एकेक करून गाडीत गेले. दर वेळी तो बायकोला एकच सांगायचा, “ही गुंतवणूक आहे. विकीन तेव्हा दुपटीनं येतील.” माझी भावजय औषधांच्या दुकानात काम करते. हिशेबाला पक्की आहे, पण नवऱ्यावर विश्वास टाकायचा तर पुरता टाकायचा, असा तिचा स्वभाव. ज्या दिवशी तो विश्वास सरला त्या दिवशी तिनं आवाज चढवला नाही. तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं आणि माहेरी गेली. जाताना एक आकडा सांगून गेली. गाडी विकून तेवढे आण, घराचा इसार भर, मी येते. हो म्हणाला तो. म्हणाला, त्याहून जास्तच आणीन.

आणि आता गिऱ्हाईकही मिळालं होतं. नवरा-बायको दोघं येऊन गाडी बघून गेले होते. ती डोंगरावरच्या इस्पितळात नर्स. ड्यूटी संपवून शेवटच्या बसनं उतरावं लागतं म्हणून नवऱ्याच्या जिवाला घोर. तिनं सीट पुढे ओढून पाहिली, आरसा आपल्या उंचीचा करून घेतला आणि नवऱ्याकडे बघून नुसती हसली. तिला लहानपणापासून असली गाडी हवी होती म्हणे. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, साधीच आहे ना? हिच्यात काही केलेलं नाही ना?” मी म्हणाले, तपासून सांगते.

भावानं गाडी पूर्ववत करून आणली होती. कंपनीचा एक्झॉस्ट, कंपनीची चाकं, उंचीही मूळची. आवाज तर इतका सोज्वळ, की मला हसू आलं. खुर्चीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, “ताई, तेवढा रिपोर्ट साफ दे. बाकी काही नको.”

“साफ असली तर साफ देईन.”

“आहे की. बघ ना.”

मी गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि दिवा लावून खाली उतरले. तो वर कठड्याशी उभा राहिला. मला त्याचे नुसते बूट दिसत होते, आणि ते सारखे जागा बदलत होते. पुढच्या चाकामागे डिस्कला धूळ लागू नये म्हणून एक पत्रा असतो. तो कडेनं कापलेला होता. मोठी डिस्क बसवायची तर जागा करावी लागते, म्हणून कापतात. आता त्या जागेत मूळची लहान डिस्क फिरत होती. तिच्यावर घासकागदाचे ओरखडे होते आणि कडेला तांबूस गंज अजून शिल्लक होता. लाल ब्रेकांचा पत्ता नव्हता. मग मी इंजिनाकडे पाहिलं. मोठा टर्बो जागच्या जागी होता.

मी वर आले. हात पुसले. म्हणाले, “बस. फेरी मारून येऊ.”

गावातून जाताना तो बरंच बोलला. मुलीची शाळा, नव्या घराची खिडकी, बायको आता फोन उचलते. मी नुसतं हूं हूं करत होते. गाव संपलं आणि डोंगराचा रस्ता लागला. चढाला मी पाय अर्ध्यापर्यंत दाबला तोवर ती गरीब गाय होती. त्यापुढे दाबला आणि कुणीतरी पाठीत धक्का द्यावा तशी सुटली. माझी मान मागे टेकली. “मस्त ना?” असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यानं जीभ चावली.

वर इस्पितळाच्या दाराशी मी गाडी वळवली आणि उतरायला लागले. पहिल्या वळणावर ब्रेक चोख लागले. दुसऱ्यावरही. मी मुद्दाम जोरात जात होते आणि मुद्दाम उशिरा दाबत होते. त्यानंतर पायाखालचं पेडल मऊ होत गेलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ तळाला टेकलं, आणि गाडी मी म्हटलं तिथे नाही, तिला वाटलं तिथे थांबली. कठडा हातभर अंतरावर होता. काचा बंद होत्या तरी जळका वास आत आला. मी हातब्रेक खसकन वर ओढला.

“लाल ब्रेक कुठायत?” मी विचारलं.

“विकले.”

“कुणाला?”

“आमच्या ग्रुपमधल्या एकानं लगेच उचलले. त्याची बदली होती. तो गेलाही.”

“आणि हे?”

“कंपनीचेच आहेत. माळ्यावर होते. थोडा गंज होता, तो घासून घेतला.”

“टर्बो का नाही उतरवलास?”

“जुना नव्याच्या बदल्यात दिला ना तेव्हा. आता कुठून आणू? शिवाय तो दिसत नाही.”

“म्हणजे पळवणारं सगळं ठेवलंस आणि थांबवणारं विकून खाल्लंस.”

तो समोरच्या काचेकडे वळला. मग हळूच म्हणाला, “तूच सांगतेस ना सगळ्यांना? दिसतं ते काढा, सुटं विका, सुट्याला चार पैसे जास्त येतात. गाडीवर ठेवलंत तर भाव पडतो. लाल ब्रेक दिसले की माणूस म्हणतो, ही पळवलेली आहे.”

सांगते. आणि खोटं नाही ते. लाल ब्रेक लावून आला असता तर मीच भाव पाडला असता. थांबण्याची सोय जास्त चांगली आहे म्हणून गाडीची किंमत कमी, असला आमचा धंदा. हे माझ्या डोक्यात आलं आणि मी आणखीच भडकले. “लिफ्टचा असला ब्रेक असता तर सही केली असतीस?”

“गावात काही कळत नाही, ताई. मी आठवडाभर चालवली.”

“ती बाई गावात चालवणार नाहीये.”

“ती काही तुझ्यासारखी हाणणार नाही. सावकाश उतरेल.”

“दमलेली असेल. ड्यूटी करून उतरेल.”

त्यानं आपल्या बाजूची काच खाली केली. मी म्हणाले, नवे चांगले ब्रेक बसव आणि टर्बोचं खरं सांगून टाक. तो म्हणाला, मग आकडा मोडतो. आकडा मोडला की ती येत नाही. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, “काल पिल्लूनं मला फोनवर ‘बाबा, तुम्ही जेवलात का’ असं विचारलं. तुम्ही. तिच्या आजीकडे सगळ्यांना म्हणते तसं.”

हे मी ऐकायला नको होतं. त्या पोरीला मीच न्हाऊ-माखू घातलंय. आत्या म्हणून ती माझ्या ओच्यात तोंड खुपसते तेव्हा मला दुसरं काही नको असतं. त्या घरात ती तिघं पुन्हा एकत्र राहायला हवी होती मला, आणि त्यासाठी लागत होता माझ्या हातचा एक शब्द. परतीच्या वाटेवर मी चक्क हिशेब मांडायला लागले. नर्स बाई जपून चालवत असेल. नवरा पुढेमागे गॅरेजला नेईल, तिथे कुणीतरी ब्रेक बघेलच. मी या बाजूनं शंभर कारणं गोळा केली, आणि त्यातलं एकही मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं.

आवारात आलो तेव्हा उन्हं कलली होती. काका फाटकाशी उभे होतेच. “झाली फेरी? काय रे, घरचं माणूस बसवशील का?”

“हो,” भाऊ म्हणाला. पटकन म्हणाला, नेहमीच्या विकणाऱ्यांसारखा हसूनच.

“आणि तू गं?”

मी रिपोर्टचा कागद बॉनेटवर ठेवला, पेन उघडलं, गाडीचा रंग लिहिला. “सांगते, काका.”

“तू कधी ‘सांगते’ म्हणत नाहीस,” काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि ते आत जाऊन बसले.

नेमकी तेव्हाच फाटकाशी टॅक्सी थांबली. आतून भावजय उतरली, कडेवर पिल्लू. टॅक्सीवाल्याला तिनं थांबायला सांगितलं. गाडी खरंच विकायला उभी आहे की ही आणखी एक थाप, हे तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिनं तसं स्पष्टच सांगितलं. मग ती गाडीभोवती फिरली. चालू इंजिनाचा आवाज ऐकला. “हीच का ती? आता माणसात आलीय,” असं म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी ती त्याच्यासमोर हसत होती कोण जाणे. भावाचा चेहरा उजळला. पिल्लूनं खिडकीच्या काचेला नाक लावलं आणि तिथे एक ओला ठिपका उमटवला.

“विकली जातेय ना नक्की?” तिनं मला विचारलं.

“गिऱ्हाईक आहे,” मी म्हणाले.

“सांगितलंय त्यानं फोनवर. नर्स आहे ना, डोंगरावरच्या इस्पितळातली?” मग ती भावाकडे वळली. आवाज मऊ होता. “चल, आईकडे सोड आम्हाला. डोंगरावरून नेतोस? वरून दिवे दिसतात, पिल्लूला दाखवू. शेवटची चक्कर. मी टॅक्सीवाल्याला पाठवून देते.”

ती बसलीसुद्धा. मुलीला मांडीवर घेतलं, पट्टा दोघींवरून ओढला, पिशवी पायाशी ठेवली. पिल्लू समोरची बटणं दाबायला लागली. भाऊ चालकाच्या दाराशी उभा होता. दार उघडं होतं आणि त्याचा हात दाराच्या कडेवर होता.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मग मला वाटलं, बघू या, आणि मी ते मिटलं. भाऊ माझ्याकडे बघतच नव्हता. तो मुलीच्या पायांकडे बघत होता. तिचा एक मोजा घसरून टाचेखाली आला होता.

“टॅक्सीनंच जा,” तो म्हणाला.

“का?”

“असंच.”

“पेट्रोल नाहीये का?”

“आहे.”

“मग उशीर होतोय का तुला?”

“नाही गं.”

भावजयीनं पट्ट्यावरचा हात काढला. ती या माणसाला पुरती ओळखते. तो थाप मारतो तेव्हा भरभर बोलतो, आणि तो आता शब्दाला शब्द जोडत नव्हता. “काय झालंय गाडीला?” तिनं विचारलं.

“उताराला ब्रेकचा भरवसा नाही.”

“कधीपासून?”

“मीच बदलले. लाल होते ते विकले.”

पिल्लूनं हॉर्न दाबायला हात लांब केला. तो पोचला नाही. तिच्या आईनं तो हात धरून खाली घेतला, पट्टा सोडला आणि ती सावकाश बाहेर आली. दार तिनं लावलं नाही.

“म्हणजे मला टॅक्सी,” ती म्हणाली, “आणि तिला ही.”

ती माझ्याकडे आली. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. तिनं बॉनेटवरच्या कागदाकडे पाहिलं. “तुम्ही तपासली ना, ताई?”

“तपासली.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“मग काय लिहिणार होतात?”

“खरं तेच.”

“मग अजून कोरं का आहे?”

इतकी वर्षं मी लोकांचं खोटं ओळखून पोट भरते. या पोरीनं माझं खोटं एका नजरेत ओळखलं, आणि मला लाजेनं मान वर करवेना. मी पेन उचललं, तेव्हा मागून भावाचा आवाज आला.

“काका,” त्यानं हाक मारली. काका दाराशी आलेच होते, केव्हापासून कोण जाणे. “माझं ‘हो’ काढून टाका. घरचं माणूस नाही बसवणार मी हिच्यात.”

“मीही नाही,” मी म्हणाले. कुणीही विचारलं नव्हतं.

काकांनी मान हलवली. “मागच्या आवारात घे मग,” एवढंच म्हणाले.

मी लिहायला लागले. टर्बो, कॉम्प्युटर, कापलेला पत्रा, ब्रेक. भाऊ शेजारी येऊन उभा राहिला आणि गाडीचा आता काय भाव येईल ते त्यानं विचारलं. मी सांगितला. त्यातून नवे ब्रेक वजा जाता उरलं ते घराच्या इसाराच्या आसपासही जात नव्हतं. त्यानं तो आकडा पुन्हा एकदा पुटपुटला. भावजयीनंही ऐकला. तिला हिशेब करायला वेळ लागत नाही.

ती टॅक्सीकडे निघाली. भाऊ पिशवी घेऊन मागोमाग गेला. तिनं आधी मुलीला आत सरकवलं, मग स्वतः बसली आणि त्याच्या हातून पिशवी घेतली. घसरलेला मोजा त्यानं वाकून नीट वर ओढला. “बाबा, तुम्ही येताय?” पिल्लूनं विचारलं. तो तिच्या आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मागच्या सीटवर मुलीच्या पलीकडे एका माणसाची जागा होती. त्या जागेवर भावजयीनं पिशवी ठेवली आणि दार लावून घेतलं.